नुसती कणकण

जानेवारीतच लिहायला घेतलं होतं हे, पण दोन ओळींच्या पुढे गाडी जाईना. आता काका घरी आहेत, सकाळी पेपर वाचून सगळ्या पक्षांना सारख्याच शिव्या घालतायत, म्हणजे लिहायला हरकत नाही.

तर काका नेहमीसारखे पहाटे तळजाई टेकडीवर फिरायला गेलेले, स्वेटर, मफलर, कानटोपी असा पूर्ण बंदोबस्त करून, आणि चढावर कोसळले. मागून येणाऱ्या एका पोराला सीपीआर येत होतं, त्याने तिथेच छाती दाबायला घेतली आणि 108 येईपर्यंत थांबला नाही. शॉक दिल्यावर हार्ट चालू झालं, हॉस्पिटलला पोचल्या पोचल्या अँजिओप्लास्टी झाली, आणि दुपारी बारापर्यंत आमच्या हिशोबाने सगळं आटोपलेलं होतं. बंद पडलं, चालू केलं, ब्लॉक काढला, आता उठतील. उठले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हार्टचं काम झालंय, आता प्रश्न मेंदूचा आहे. मला तोवर वाटायचं की मेंदूला रक्त मिळालं नाही तेवढ्या मिनिटांत जे काय व्हायचं ते होऊन जातं. तसं नसतं. रक्त परत सुरू झाल्यावरही पुढचे तास, दिवस नुकसान चालूच राहतं, पेशींना सूज येते, नको ती रसायनं सुटतात, आणि त्यात अंग तापलं तर आगीत तेल. आणि अंग तापतंच, कारण सगळं शरीर एक मोठा धक्का खाऊन पेटलेलं असतं, शिवाय बेशुद्धीत थुंकी-बिंकी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो तो वेगळा. म्हणून पहिले तीन दिवस ताप येऊ द्यायचा नाही. बस. ऐकायला इतकं साधं की मला वाटलं, एवढंच? क्रोसीन?

संध्याकाळी काकूला पाच मिनिटं आत सोडलं. आयसीयूत एसी फुल्ल, काकांच्या छातीला आणि मांड्यांना पाणी फिरणारे जाड पॅड चिकटवलेले, डोकं उघडं. काकूने कपाळाला हात लावला आणि पिशवीतून ती चॉकलेटी कानटोपी काढली. सिस्टर धावत आल्या, "काकू, टोपी नको." काकू म्हणाली, "अहो पण गार पडलेत ते." मग काकूचं लक्ष पायांकडे गेलं. पायात मोजे, दोन्ही हातांना गरम टॉवेल गुंडाळलेले. "डोकं उघडं आणि हातापायाला ऊब, हे कुठलं शास्त्र?"

प्रश्न बरोबर होता हो! सिस्टरांनी नीट सांगितलं, आणि खरं सांगते, डॉक्टरांपेक्षा मला त्यांचंच जास्त कळलं. बाहेरून अंग गार केलं की मेंदूतला थर्मोस्टॅट म्हणतो, थंडी वाजतेय, आणि कुडकुडायला लावतो. कुडकुडलं की स्नायू उष्णता तयार करतात, ऑक्सिजनचा खर्च दुप्पट किंवा त्याहूनही वर जातो, म्हणजे आपण गार करतोय आणि शरीर आतून शेकोटी पेटवतंय. म्हणून हातापायाला ऊब द्यायची, कातडीला फसवायचं, की सगळं ठीक आहे, थंडी नाहीये. तरी कुडकुडले तर पॅरासिटामॉल, मॅग्नेशियम, झोपेची औषधं, आणि अगदीच नाही ऐकलं तर स्नायू ढिले करणारं औषध, पण ते दिलं की फिट आली तरी बाहेरून दिसत नाही, मग ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद घेणारं यंत्र, लावून बघत बसावं लागतं. सिस्टर दर थोड्या वेळाने काकांच्या जबड्याखाली, मानेवर आणि छातीवर तळवा ठेवायच्या. मला वाटलं मायेने. त्या थरथर शोधत होत्या, डोळ्याला दिसायच्या आधी ती हाताला लागते म्हणे.

अजून एक गोष्ट त्यांनी दाखवली ती डोक्यातून जात नाही. त्या पॅडच्या मशीनवर दोन आकडे होते. एक काकांच्या तापमानाचा, लघवीच्या नळीतच सेन्सर असतो त्यातून येणारा, काखेतल्या थर्मामीटरवर इथे विसंबत नाहीत. दुसरा आकडा पॅडमधल्या पाण्याचा. काकांचा आकडा रात्रभर 37 सेल्सिअसच्या आसपास, मी खूश, ताप नाही! सिस्टर म्हणाल्या, पाण्याचा बघा. ते गार गार होत चाललेलं. म्हणजे काकांना ताप येतच होता, मशीन पाणी थंड करून करून तो दाबत होतं. "आकडा नॉर्मल दिसतो म्हणून ताप नाही असं नसतं, मशीनला किती कष्ट पडतायत त्यावर ताप मोजायचा." मग त्यांनी ते डॉक्टरांना कळवलं आणि इन्फेक्शनच्या टेस्ट गेल्या.

इकडे अमेरिकेतून दादाचे फोन चालू. त्याने कुठेतरी वाचलेलं की पेशंटला 33 डिग्रीवर नेतात, मग आपल्याकडे का नाही नेत, मशीन नाहीये का, पैशांचा प्रश्न आहे का, मी ट्रान्सफर करतो. वर नॉर्वेतल्या त्या स्वीडिश डॉक्टरचं, आना बोगेनहोल्मचं उदाहरण, 1999 मध्ये बर्फाखाली अडकली, अंगाचं तापमान 13.7 डिग्री, आणि वाचली. मी तसाच्या तसा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवला, जरा घाबरतच, कारण गुगल करून आलेल्या नातेवाईकांची किती चीड येत असेल.

चिडले नाहीत. म्हणाले, ती बाई आधी गार झाली आणि मग तिचं हृदय थांबलं, मेंदूची भूक आधीच कमी झालेली होती. तुमच्या काकांचं हृदय गरम अंगात थांबलंय, आपण नंतर गार करणार. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक. आणि 33 चं म्हणाल तर दादा जुनं वाचतोय, चूक नाही वाचत. 2002 मध्ये दोन अभ्यास आले, एक युरोपातला, एक मेलबर्नचा, दोन्हीत गार केलेल्यांचे मेंदू जास्त शाबूत राहिले आणि जगभर सगळे गार करायला लागले. पण 2013 मध्ये 33 आणि 36 ची तुलना झाली, फरक नाही. 2021 मध्ये 1900 पेशंटचा मोठा अभ्यास आला, अर्ध्यांना 33, अर्ध्यांना फक्त ताप येऊ द्यायचा नाही. सहा महिन्यांनी मृत्यू 50 टक्के आणि 48 टक्के, म्हणजे सारखंच, उलट 33 वाल्यांत हृदयाच्या ठोक्यांच्या गडबडी जास्त. काही डॉक्टर अजूनही काही पेशंटना गार करतात, वाद पूर्ण मिटलेला नाही, पण ताप नको यावर सगळ्यांचं एकमत आहे.

मला तो 50 टक्के आकडा ऐकून पुढचं नीट ऐकूच आलं नाही. दोघांत एक. दादाला मी तो सांगितला नाही.

नंतर मी विचारलं, ताप म्हणजे किती? 37.7 च्या वर नको, म्हणाले. मी फोनवर फॅरेनहाइट केलं, 99.9. आपल्या घरात 99.9 ला कोणी ताप म्हणत नाही! त्याला कणकण म्हणतात. नुसती कणकण आहे, आलं घालून चहा घे आणि शाळेत जा. त्या कणकणीला अडवायला तीन दिवस एक माणूस, एक मशीन आणि इतकी औषधं राबत होती.

त्या तीन दिवसांत भेटायला येणाऱ्यांनी जीव खाल्ला. दुसऱ्याच दिवशी एक लांबचे मामा बाहेरच्या खुर्चीत बसून काकूसमोर म्हणाले, अजून डोळे उघडत नाहीत म्हणजे काही खरं नाही. मी त्यांना चहाच्या निमित्ताने खाली नेलं आणि वर येऊच दिलं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की 72 तासांच्या आत कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही, झोपेच्या औषधांचा अंमल रेंगाळतो, आणि नंतरही एका तपासणीवर ठरवत नाहीत.

काकांनी पाचव्या दिवशी सिस्टरचा हात दाबला. सातव्या दिवशी श्वासाची नळी निघाली. तळजाई त्यांना आठवतच नाही, आदल्या आठवड्यातलं माझ्या भावाचं केळवणही नाही, आणि एकच गोष्ट दिवसातून तीनदा विचारायचे, ते आता बरंच कमी झालंय. चिडचिड वाढलीये, पण काकू म्हणते ती आधीपासूनच होती.

मागच्या आठवड्यात रात्री अकराला काकूचा फोन. काकांना सर्दी झालेली, हिने थर्मामीटर लावलेला, 99.4. "कणकण आहे गं." मी सांगितलं, काकू, ते तेव्हाचं होतं, ते तीन दिवस संपले, आता साध्या सर्दीला साधं औषध, वाढलं तर सकाळी डॉक्टरांना विचारू. हो हो म्हणाली. मागून काकांचा आवाज येत होता, "अगं टोपी दे माझी, मला थंडी वाजतेय!"

"मिळणार नाही," काकू म्हणाली, आणि फोन ठेवला.