आधी हंडे, मग आरती

टेक्ससमध्ये २०२१ च्या फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली आणि वीज गेली, त्याबद्दल कुणी विचारलं की मी आधी आईंबद्दल सांगते. आई म्हणजे माझ्या सासूबाई, लातूरच्या. कोविडमुळे त्यांचं परत जाणं लांबलं होतं, म्हणून तो हिवाळा त्या आमच्याकडे, डॅलसजवळ होत्या.

कडाक्याच्या थंडीचे इशारे बरेच दिवस आधीपासून येत होते. आईंना फॅरनहाइटचा अंदाज यायचा नाही. लेकीने "आजी, पाण्याचा बर्फ होतो त्याच्याही खूप खाली" असं सांगितलं, तशा त्या उठल्या. "घरात पाणी किती आहे गं?" ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथल्या बाईच्या तोंडी पहिला प्रश्न हाच येणार. पातेली, कुकर, बादल्या भरल्या. बाथटब घासून तोही भरला. तीळ भाजले, लाडू वळले. सोमवारी, १५ तारखेला, माघी गणेशजयंती होती.

आईंचं हे आजचं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जन करून झोपलेले. आईंच्या माहेरची माणसं त्यात गेली. गणपतीवर राग नाही आला का, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. "आला की. पण मग बोलायचं कुणाशी?" एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून उशाशी बॅटरी, पलंगाखाली चपला आणि कागदपत्रांची पिशवी दारामागे. डॅलसलाही तसंच.

सोमवारी पहाटे, लोक झोपेत असताना राज्यभर वीज तोडायला सुरुवात झाली. गारठ्याने गॅसच्या विहिरींपासून वीजकेंद्रांपर्यंत एकेक गोष्ट बंद पडत होती आणि मागणी चढत होती. टेक्ससचं वीजजाळं बाकीच्या देशापासून जवळजवळ तुटलेलं, त्यामुळे बाहेरून फारशी वीज घेता येईना. सगळं जाळं कोसळायला पाच मिनिटांहून कमी अवधी उरला होता, हे नंतर कळलं. वीज आळीपाळीने जाईल असं सांगितलं होतं. आमच्याकडे गेली ती गेलीच. हीटर गॅसवरचा, पण गरम हवा ढकलणारा पंखा विजेवर, म्हणून गॅस असूनही घर गार पडत गेलं.

आम्ही सगळे एका खोलीत आलो. दाराच्या फटींना टॉवेल, अंगावर आईंनी शिवलेल्या गोधड्या. शेगडी काडीने पेटायची, पण फक्त स्वयंपाकापुरती. ऊब यावी म्हणून ती चालू ठेवायची नाही, गॅरेजमध्ये गाडी चालू करून बसायचं नाही, हे नवऱ्याने बजावलं होतं. राज्याच्या मोजणीत त्या थंडीने २४६ माणसं नेली. त्यांत गारठून गेलेले होते, तसे बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडने गेलेलेही होते. नंदादीप रात्री विझवायचा, हे मात्र आईंनीच ठरवलं. "सगळे जागे असताना लावू. त्याला कळतं." तोंडातून वाफा निघत असताना आम्ही अथर्वशीर्ष म्हटलं. लेकीला ते त्या दिवसांत पाठ झालं.

मंगळवारी पारा उणे १९ सेल्सिअसवर गेला. डॅलसला १९४९ नंतर इतकी थंडी पडली नव्हती. शेजारच्या आजी-आजोबांच्या घरात माळ्यावरचा पाइप फुटला, छतातून पाणी कोसळायला लागलं. आमच्याकडे पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यातला व्हॉल्व्ह फिरवायची लांब चावी होती. नवरा धावला, पाणी बंद केलं आणि दोघांना घरी घेऊन आला. कोविडचे दिवस, म्हणून मास्क लावून खोलीच्या दोन टोकांना बसलो. खिचडी वाढली तेव्हा आजोबांनी डोळे मिटून त्यांची प्रार्थना म्हटली. ती संपेपर्यंत आईंनी हात जोडून ठेवले होते.

मला राग येतो तो एका गोष्टीचा. २०११ च्या फेब्रुवारीतही टेक्ससमध्ये असंच झालं होतं. तेव्हाच्या चौकशीत वीजकेंद्रं थंडीसाठी सज्ज करा, अशा शिफारशी झाल्या. सक्तीचा कायदा झाला तो २०२१ मध्ये, माणसं गेल्यावर. मधली दहा वर्षं सगळी भिस्त थंडी न पडण्यावर होती. आईंची श्रद्धा अशी नाही. त्यांनी एका पहाटेत जे पाहिलं, त्यानंतर एकही रात्र त्या बॅटरीशिवाय झोपलेल्या नाहीत, आणि एकही सकाळ त्यांची पूजा चुकलेली नाही.

इकडे नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांना माझी विनंती आहे. आपल्या मीटरचं झाकण कुठे आहे ते आज दिवसाउजेडी शोधा, व्हॉल्व्ह फिरतो का बघा. ती चावी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. घरातल्या प्रत्येकाला ती कुठे ठेवली आहे ते दाखवा, मुलांनासुद्धा.