गेज वाचणारी माणसे

पैठणच्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याची लांबी २०८ किलोमीटर आहे आणि आमची लघु वितरिका, म्हणजे कालव्यातून फुटणारी छोटी शाखा, त्या कालव्याच्या शेवटच्या टप्प्यात, परभणी जिल्ह्यात येते. रब्बीचे आवर्तन, म्हणजे ठरावीक दिवसांसाठी कालव्यात सोडायचे पाणी, सुटल्याची बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा गावातली मंडळी पारावर बसून हिशेब मांडतात, की पाणी पैठणहून निघाले म्हणजे आता येईलच. प्रत्यक्षात ते आमच्यापर्यंत यायला कधी चार दिवस लागतात, कधी आठवडा उलटतो, आणि एखाद्या वर्षी आवर्तन संपत आले तरी आमच्या चारीत धूळच असते. गेली अकरा वर्षे मी आमच्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेचा सचिव आहे. या काळात मला उमजलेली गोष्ट अशी, की धरणातले पाणी आपोआप शेतात येत नाही; ते एका माणसाने दुसऱ्याच्या स्वाधीन करत करत आणावे लागते. ही माणसे कोण, हे धरणाची टक्केवारी तोंडपाठ असणाऱ्या आपल्यासारख्यांना बहुधा माहीत नसते.

सरकारी तक्त्यात पाहिले तर मराठवाड्यातल्या सिंचनाचा कारभार १९९८ साली स्थापन झालेल्या गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहे. त्याखाली मुख्य अभियंता, अधीक्षक अभियंता, कार्यकारी अभियंता, उपविभागीय अभियंता आणि शाखा अभियंता अशी उतरंड लागते. शेतकऱ्याचा संबंध मात्र तक्ता जिथे संपतो तिथे सुरू होतो. कालवा निरीक्षक, मोजणीदार, दप्तर कारकून, कालवा चौकीदार आणि संदेशक ही त्या ठिकाणची पदे आहेत. गावात निरीक्षकाला सरसकट ‘पाटबंधारेचे साहेब’ म्हणतात आणि चौकीदाराला नुसते ‘पाटकरी’. पाटकरी हा शब्द जुना आहे आणि मला तो अधिक आवडतो, कारण त्यात कामाचे नाव आहे, हुद्द्याचे नाही.

मी सचिव झालो त्या वर्षी आमच्याकडे जे कालवा निरीक्षक होते, त्यांच्याशी माझी पहिली ओळख भांडणातून झाली. वितरिकेच्या तोंडाशी पाणी मोजण्यासाठी जो अरुंद गळ्याचा काँक्रीटचा भाग बांधलेला असतो, त्याला स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम म्हणतात. त्याच्या भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी रंगवलेली असते आणि त्या पट्टीवरची पाण्याची उंची म्हणजे गेज. त्या दिवशी गेज ठरल्यापेक्षा बरोबर निम्मे होते. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी समजुतीच्या सुरात मला सांगितले, “सचिव, निम्मं गेज हाय म्हंजी निम्मं पाणी तर आलंच की. तेवढ्यात भागवू.” मीही मान डोलावली. निरीक्षकांनी मात्र खिशातून घडी घालून ठेवलेला तक्ता काढला आणि आम्हाला काठावर बसवून दाखवले, की गेज निम्म्यावर आले की पाणी निम्मे होत नाही, ते जेमतेम एक तृतीयांशावर येते. या फ्ल्यूममधला विसर्ग उंचीच्या दीड घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणून गेज दुप्पट झाले की पाणी पावणेतीन पटींहून थोडे अधिक होते आणि निम्मे झाले की ३५ टक्क्यांवर घसरते. आमचे नुकसान आम्हालाच कळले नव्हते, आणि ज्याच्याशी भांडायला आलो होतो त्याच माणसाने ते मोजून दाखवले. त्याच संध्याकाळी त्यांनी त्या गेजची लेखी नोंद करून आपल्या वरिष्ठांकडे पाणी वाढवण्याची मागणी पाठवली. पाणी वाढायला दोन दिवस गेले, पण त्या नोंदीमुळे ते दोन दिवस आमच्या हिशेबातून वजा झाले.

हा हिशेब महत्त्वाचा का, ते सांगितले पाहिजे. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम हा २००५ चा कायदा आल्यापासून पाणी वापर संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून मिळते आणि पाणीपट्टीही मोजलेल्या पाण्यावर बसते. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. हा प्रवाह २४ तास चालला तर २४ लाख लिटरांहून अधिक पाणी होते. गेज वाचण्यात दोन-तीन सेंटिमीटरची चूक झाली आणि ती आवर्तनभर तशीच राहिली, तर कोणाचे किती हेक्टर कोरडे राहतील किंवा कोणाच्या डोक्यावर न मिळालेल्या पाण्याची पाणीपट्टी बसेल, याचा अंदाज करावा. म्हणून सकाळ-संध्याकाळ खात्याच्या माणसाने आणि संस्थेच्या माणसाने मिळून गेज पाहायचे आणि दोघांनी सही करायची, अशी आमच्याकडची रीत आहे. कितीतरी थंडीच्या पहाटे मी आणि आमचे मोजणीदार एका बॅटरीच्या उजेडात त्या पट्टीवर वाकलेले असायचो, आणि पाण्याच्या हेलकाव्यात बेचाळीस धरायचे की त्रेचाळीस, यावर आमची गंभीर चर्चा व्हायची.

पाणी देण्याचा क्रम शेजपाळीचा, म्हणजे एकामागून एक पाळीने घेण्याचा असतो. नियमाप्रमाणे आधी शेपटाला, म्हणजे अगदी शेवटच्या शेतांना पाणी द्यायचे आणि मग वर वर सरकत मुखाकडे यायचे. नियम उत्तम आहे. पण मुखाजवळच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरून भरलेला कालवा वाहत असताना त्याने आपल्या गव्हाकडे पाहत दहा दिवस थांबायचे, ही अपेक्षा ज्याने लिहिली त्याने रात्री कालव्यावर चक्कर मारलेली नसावी. ती चक्कर पाटकरी मारतो. विमोचकाचे, म्हणजे कालव्यातून खाली पाणी सोडायच्या तोंडाचे दार वाकवलेले, कुलूप तोडलेले, भरावावरून नळी टाकलेली, असे काहीतरी त्याला सापडतेच. त्याच्या हातात काठी आणि बॅटरी असते आणि समोर बहुधा पाच-सहा जण असतात, जे त्याच्याच ओळखीचे, कधी त्याच्या भावकीतले असतात. पाटबंधारे अधिनियम १९७६ चा आहे आणि त्यात अशा प्रकारांना शिक्षा आहे, परंतु रात्री दोन वाजता भरावावर एकट्या उभ्या असलेल्या माणसाला कलमांचा फारसा आधार होत नाही. आमच्या पाटकऱ्यांची पद्धत वेगळी होती. ते ओरडत नसत. तिथेच भरावावर बसून तंबाखू मळत आणि शेपटाकडच्या एखाद्या कोरडवाहू होत चाललेल्या घराची खबरबात सांगू लागत. दहापैकी सहा वेळा नळी निघे. उरलेल्या चार वेळा निघत नसे, हेही लिहिले पाहिजे.

त्यात आमची जमीन काळी. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे कालव्याचे अस्तर जागोजागी उचकटते, फरश्या खाली घसरतात आणि त्या फटींत वेडी बाभूळ मूळ धरते. कागदावरची वहनक्षमता आणि प्रत्यक्षातली वहनक्षमता यांतले अंतर तिथे तयार होते. ते कोणत्या साखळी क्रमांकावर, म्हणजे कालव्याच्या कितव्या अंतरावर, किती आहे, हे संगणकावर असेल नसेल, आमच्या पाटकऱ्यांच्या डोक्यात होते.

दप्तर कारकुनाविषयी कोणी कधी चांगले बोललेले मी ऐकलेले नाही, म्हणून दोन वाक्ये त्यांच्यासाठी. संस्थेच्या क्षेत्राबाहेरच्या शेतकऱ्यांचे नमुना सातचे पाणी अर्ज, मागील थकबाकी, पिकाखालचे क्षेत्र आणि त्यावरची आकारणी हे सारे ज्या टेबलावर जुळते, त्या टेबलावरचा माणूस चिडका होणे स्वाभाविक आहे.

मागे एकदा कामानिमित्त पैठणला गेलो असताना धरणावरचा नियंत्रण कक्ष पाहण्याची संधी मिळाली. नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, पूर्ण संचय पातळी १५२२ फूट आहे आणि सांडव्याला २७ दरवाजे आहेत; त्यांतले १८ नेहमीचे आणि ९ आपत्कालीन. पुराच्या दिवसांत तिथली माणसे दर तासाला पातळी, आवक आणि विसर्ग यांची नोंद करतात. तिथे वेगळीच भीती असते. आमचा निरीक्षक पाणी कमी पडण्याला भितो, तर तिथला कर्मचारी ते जास्त होण्याला. २००६ च्या ऑगस्टमध्ये पैठण शहरात पाणी शिरले होते, त्यामुळे दरवाजा किती फूट उचलायचा हा निर्णय तिथे कोणी हलक्याने घेत नाही. आणि तुटीच्या वर्षी याच कक्षातली माणसे गोदावरीच्या वरच्या अंगाकडे डोळे लावून बसतात. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरत असेल, तर नाशिक आणि नगरकडच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. २०२३ साली असा ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला होता. आदेशावर चर्चा पुष्कळ होते, पण ते पाणी सुटण्याआधी नदीतल्या बंधाऱ्यांची दारे काढणे, काठावरच्या मोटारींवर लक्ष ठेवणे आणि वाटेतल्या नागमठाणसारख्या ठिकाणी पाणी किती पोहोचले हे मोजणे, ही कामे त्याच महामंडळाच्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या वाट्याला येतात. वरच्या गावात हे कर्मचारी पाणी नेणारे ठरतात आणि खालच्या गावात कमी आणणारे.

या लेखात सगळीच माणसे देवमाणसे वाटू लागली असतील, तर ती माझ्या लिहिण्यातली त्रुटी समजावी. एका वर्षी आमचे आवर्तन ठरल्याच्या दोन दिवस आधी बंद झाले, आणि ते पाणी कोणाच्या उसाला गेले हे आम्हाला सर्वांना ठाऊक होते. चिरीमिरी घेऊन डोळे मिटणारा माणूस मी पाहिला आहे. पाणी न देता दिल्याची नोंद करणारा पाहिला आहे. परंतु एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, की हे प्रकार जिथे गेज नियमित लिहिले जात नव्हते तिथेच अधिक फोफावले. लिहिलेला आकडा खोडायला हिंमत लागते. न लिहिलेल्या आकड्याला काहीच लागत नाही.

आता लिहिणारे हातच कमी होत चालले आहेत. आमचे पाटकरी निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आले नाही. मोजणीदार दुसऱ्या शाखेत गेले. सध्याच्या निरीक्षकांकडे तीन शाखांचा कार्यभार आहे, ते वयाने माझ्या मुलाएवढे आहेत, मोटारसायकलवरून दिवसभर फिरतात आणि संध्याकाळी फोन करून विचारतात, “काका, आज गेज किती?” गेज मी सांगतो आणि तोच आकडा खात्याच्या वहीत जातो. ज्याला पाणी घ्यायचे आहे त्यानेच मोजायचे, हे बरोबर नाही, असे मी त्यांना आणि उपविभागाला लेखी कळवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

यंदाच्या पहिल्या आवर्तनात मी पंधरा दिवस रोज पहाटे एकटाच फ्ल्यूमवर गेलो, आकडे लिहिले, सह्या केल्या आणि पाने कार्यालयात पोहोचवली. आठवड्याने दप्तर कारकुनांनी ती सगळी परत पाठवली. वेळेचा रकाना मी मोकळा सोडला होता.