स्कॅन प्रतींची हॅश पडताळणी : माझा अनुभव

खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या, हस्तलिखित अंक आणि नाटकाच्या संहिता असा बराच जुना मराठी कागद आहे. घाटाकडचा पाऊस आणि वाळवी यांच्यापुढे तो फार काळ टिकणार नाही, म्हणून आम्ही तो स्कॅन करून घेतला आणि त्याच्या तीन प्रती ठेवायचे ठरवले: एक वाचनालयात, दुसरी बेळगावात माझ्याकडे आणि तिसरी निपाणीला भाच्याकडे. या तिन्ही प्रती तंतोतंत सारख्या आहेत हे कशावरून म्हणायचे, हा प्रश्न त्यानंतर आला. फाईलचे नाव आणि आकार जुळला म्हणजे आतला मजकूरही जुळलाच, असे धरून चालता येत नाही.

त्यासाठी हॅश काढतात. फाईलमधला प्रत्येक बाइट वाचून हे गणित ठरावीक लांबीचा एक संकेत तयार करते आणि आतला एक बिट (बाइटचा सर्वांत लहान भाग) जरी बदलला तरी तो संकेत ओळखू न येण्याइतका बदलतो. एमडी५ हा जुना प्रकार अजून सर्रास वापरला जातो आणि नकळत झालेली मोडतोड पकडायला तो पुरेसाही आहे. पण एकच हॅश देणाऱ्या दोन वेगळ्या फाईली मुद्दाम तयार करता येतात, हे २००४ मध्ये दाखवून दिले गेले. २०१७ मध्ये एसएचए-१ या दुसऱ्या प्रकाराचीही तीच गत झाली आणि पुराव्यादाखल जाहीर केलेल्या दोन्ही फाईली पीडीएफ होत्या. आमचीही स्कॅन पीडीएफमध्येच आहेत आणि सीमाभागात जुन्या कागदाचा वाद कधी उभा राहील हे सांगता येत नाही, म्हणून मी त्याहून मजबूत असा एसएचए-२५६ हा प्रकार सोडून दुसऱ्या कशाचा विचार केला नाही.

माझ्या लिनक्स संगणकावर त्यासाठी एसएचए२५६सम ही कमांड (टाइप करून द्यायचा आदेश) आधीपासूनच होती. फाईली शोधणाऱ्या फाइंड या कमांडला जोडून ती चालवली की सगळ्या उपफोल्डरांतील फाईलींची यादी मिळते. प्रत्येक ओळीत आधी चौसष्ट अक्षरी हॅश, नंतर फाईलचे नाव. ही यादी त्याच फोल्डरात साठवू नये, कारण अर्धवट लिहिलेल्या यादीचाच हॅश यादीत जातो आणि पुढे पडताळणीत ती ओळ हमखास चुकीची निघते. वाचनालयातला संगणक विंडोजचा आहे. तिथे विंडोजमधलीच सर्टयुटिल ही कमांड चालते, मात्र एसएचए२५६ असे स्पष्ट सांगावे लागते. न सांगितल्यास ती एसएचए-१ काढते आणि समोर चाळीसच अक्षरे येतात. विंडोजमध्येच कमांड देण्यासाठी असलेल्या पॉवरशेलमधील गेट-फाईलहॅश ही कमांड न सांगताही एसएचए-२५६ काढते. त्यात अक्षरे कॅपिटल येतात, पण हॅश तोच असतो.

पडताळणीसाठी तीच एसएचए२५६सम कमांड मायनस सी (-c) हा पर्याय लावून यादीवर चालवायची. जुळलेल्या फाईलीपुढे ओके येते आणि न जुळलेलीपुढे फेल्ड. हार्ड डिस्कवर प्रत केल्या केल्या ही तपासणी करण्यात अर्थ नाही, कारण संगणक नुकताच लिहिलेला मजकूर पुष्कळदा स्वतःच्या मेमरीतूनच वाचून दाखवतो. डिस्क रीतसर काढून पुन्हा जोडावी आणि मग तपासावे.

निपाणीच्या प्रतीत काही फाईली सापडतच नाहीत, असा संदेश आला. भाचा म्हणाला, "मामा, नाव तर डोळ्यांना तेच दिसतंय की!" त्या सगळ्या नावांत ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ असे शब्द होते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, ऱ हे अक्षर एकसंधही साठवता येते आणि र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असेही. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण यादीतले नाव आणि डिस्कवरचे नाव बाइटच्या पातळीवर वेगळे पडते. हॅश मात्र नावाचा नसतो, आतल्या मजकुराचा असतो. त्यामुळे आम्ही निपाणीच्या डिस्कवर नवी यादी काढली, दोन्ही याद्या हॅशनुसार लावून जुळवल्या आणि सगळ्या फाईली शाबूत असल्याची खात्री करून घेतली. आता फाईलींची नावे आम्ही इंग्रजी अक्षरे आणि आकड्यांतच ठेवतो. मराठी शीर्षके वेगळ्या तक्त्यात लिहितो.

याद्या हॅशनुसार लावल्याचा आणखी एक फायदा झाला. ई३बी०सी४४२ अशी सुरुवात असलेल्या ओळी एकाखाली एक आल्या. शून्य बाइटच्या, म्हणजे पूर्ण रिकाम्या फाईलीचा एसएचए-२५६ हॅश नेहमी असाच सुरू होतो. स्कॅन चालू असताना लाईट गेल्यावर तयार झालेल्या त्या फाईली होत्या, आणि तिन्ही ठिकाणी रिकाम्याच असल्यामुळे पडताळणीत त्यांच्यापुढे ओके आले होते. यादी केली त्या क्षणापासून फाईल बदललेली नाही, एवढेच हॅश सांगतो. ती त्या क्षणी धड होती की नाही, हे सांगणे त्याच्या आवाक्यात नाही. ती पाने मूळ वह्यांतून पुन्हा स्कॅन करावी लागली. तेव्हापासून प्रत्येक वही स्कॅन झाली की आधी फाईली उघडून पाने चाळायची, तिथल्या तिथे हॅश काढायचा आणि मगच कुठेही प्रत करायची, असा क्रम आम्ही ठरवला आहे.

पूर्ण यादीचाही एक हॅश काढून तो वाचनालयाच्या नोंदवहीत शाईने लिहून ठेवतो. निपाणीच्या यादीत कोणी फेरफार केलेला नाही ना, हे त्या एका ओळीवरून फोनवरही तपासता येते.