पन्हाळा ते पावनखिंड: एकदा अर्ध्यातनं परत, एकदा पूर्ण

मागच्या वर्षी जुलैत ह्या वाटेवरच्या करपेवाडीत, पहिल्या मुक्कामानंतर, एका घराच्या पडवीत सकाळी ६ वाजता बूट घालायला बसलो आणि बूट पायात जाईना. डावा अंगठा काळानिळा, टाचेवर रुपयाएवढा फोड फुटलेला, आणि मांड्या अशा आखडलेल्या की पडवीच्या दोन पायऱ्या मी पाठमोरा उतरलो, लहान पोरं उतरतात तसा. घरातली म्हातारी बघत होती, काही बोलली नाही, नुसता चहा पुढं केला. बाकीची मंडळी "जय शिवाजी" करून पुढं गेली आणि मी वडापच्या जीपमध्ये बसून कोल्हापूर, तिथनं एसटीनं बेळगाव. माझ्याबरोबर मेव्हणा पण परत आला, मी नको नको म्हणत असताना. त्याच्या पायाला काहीही झालं नव्हतं, आरामात पूर्ण केलं असतं त्यानं. पण निपाणी यायच्या आत त्यानं फोन करून आमच्या सगळ्या वडगावला, म्हणजे बेळगावातल्या आमच्या भागाला, सांगितलं होतं की दाजी गळाले. हे मी विसरलेलो नाही, पुढं येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं शिवाजी महाराज पन्हाळ्यावरनं निसटले आणि विशाळगडाकडं गेले, वाटेत घोडखिंडीत बाजीप्रभूंनी शत्रू अडवून धरला, तीच पुढं पावनखिंड झाली. त्याच वाटेनं दरवर्षी पावसाळ्यात हजारो लोक चालतात. अंतर ५० किलोमीटरच्या वर, कोण ५२ सांगतो कोण ६०, पावसात वाट जशी वळेल तसं. आपण दोन दिवसात करतो, मध्ये झोपतो, जेवतो. त्या लोकांनी रात्रीच्या अंधारात, पालखी खांद्यावर घेऊन, मागं शत्रू. ते आठवलं की तक्रार करायचं तोंड राहत नाही, पण पाय दुखायचे काही थांबत नाहीत.

आता माझं. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात एका मशीनशॉपमध्ये सुपरवायझर, वय ४४, पहिल्या शिफ्टला दिवसभर उभाच असतो त्यामुळं मला वाटायचं पाय आपले तयारच आहेत. त्यात मागच्या वर्षी तीन महिने रोज पहाटे बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात राऊंड मारत होतो, झाडांच्या सावलीत, सपाट, कोरड्या रस्त्यावर, ओळखीचे भेटले की गप्पा. रविवारी १५ किलोमीटर सहज व्हायचं. म्हणजे तयारी केली नव्हती असं नाही, तयारी दुसऱ्याच कशाची तरी केली होती. शॉपच्या भाषेत सांगायचं तर ड्रॉइंग एका जॉबचं आणि सेटिंग दुसऱ्या जॉबचं, मग रिजेक्शन येणारच की.

हे डोक्यात घातलं ते चुलत बहिणीनं, ती फिजिओथेरपिस्ट आहे. नख पडल्यावर दाखवायला गेलो तर तिनं नखाकडं बघितलंच नाही, पहिल्यांदा बूट मागितला. आतलं इनसोल बाहेर काढून फरशीवर ठेवलं आणि म्हणाली, "ह्याच्यावर उभा रहा दादा." उभा राहिलो तर बोटं इनसोलच्या पार काठाला. "हे सकाळचं झालं. २० किलोमीटर चाललास की पाय सुजून अजून मोठा होतो, आणि उतारावर प्रत्येक पावलाला बोटं पुढं जाऊन आपटतात. नख मरणार नाही तर काय होणार?" दुकानात आपण बूट घालून दोन पावलं टाकतो आणि बरोबर बसला म्हणतो, तिथंच चूक होते. अंगठ्याच्या पुढं एक बोट मोकळं पाहिजे.

दुसरी गोष्ट तिनं सांगितली ती मला जास्त महत्त्वाची वाटली. चढताना दम लागतो म्हणून आपल्याला चढ अवघड वाटतो, पण मांड्या मारतो तो उतार. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो, त्यात बारीक बारीक इजा होते, आणि ते दुखणं लगेच कळत नाही, २४ ते ४८ तासांनी भरात येतं. म्हणजे नेमकं दुसऱ्या दिवशी सकाळी, करपेवाडीच्या पायरीवर. पण ह्यात एक सोय पण आहे, उतारानं एकदा चांगलं दुखवून घेतलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला तेवढं दुखत नाही, स्नायू शिकतो. "मग तू दुखवून घे ना आधीच, घरी असताना," ती म्हणाली.

म्हणून यंदा फेब्रुवारीपासून बेळगावजवळचा, येळ्ळूरचा राजहंसगड धरला. वडगावातनं येळ्ळूर रस्त्यानं निघायचं, गाव मागं टाकायचं, गडावर चढायचं आणि उतरायचं, आणि तिथंच परत फिरायचं नाही, खाली येऊन पुन्हा वर. पहिल्या रविवारी दोनदा केलं. सोमवारी मशीनशॉपच्या जिन्यावरनं रेलिंग धरून उतरलो, पोरं हसत होती. दहा दिवसांनी परत दोनदा केलं, जिना नीट उतरलो. खरं सांगतो, मला विश्वास बसला नव्हता. मग तीनदा, मे महिन्यात चारदा. वर महाराजांच्या पुतळ्यापाशी फोटो काढणारी मंडळी माझ्याकडं बघायची, हा माणूस आत्ताच खाली गेला होता नव्हं? एकदा येळ्ळूरच्या एका शेतकऱ्यानं विचारलंच, "काय हरवलंय गा तुझं वर? मघाधरनं वर-खाली करूलैस."

बाकी वेळापत्रक साधं. मंगळवार, गुरुवार ६-७ किलोमीटर, शनिवारी दुपारी शिफ्ट संपल्यावर १२, आणि रविवारी परत १८-२०. शनिवार-रविवार जोडून करायचं हे महत्त्वाचं, कारण दमलेल्या पायानं उठून चालायचं कसं हे फक्त दमलेल्या पायालाच कळतं. आठवड्याचं अंतर एकदम वाढवायचं नाही, साधारण दहावा हिस्सा, आणि तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात कमी करायचं. मी हे सगळं जुन्या जॉब कार्डाच्या पाठीमागं लिहीत होतो. एप्रिलमध्ये घाई करून एका दिवसात ३० मारले आणि नडगीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं, आठ दिवस बसलो. मेव्हण्याला म्हटलं तू पण ये गडावर, तर म्हणायचा, "दाजी, मी रोज रात्री बॅडमिंटन खेळतो, मला काय होतंय." वय ३१, काय सांगायचं.

मग पाण्याचा प्रश्न. पन्हाळा सोडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात बूट भिजतात ते दोन दिवस भिजलेलेच, ओढे आहेत, भाताची खाचरं आहेत, मसाई पठारावर धुकं आणि आडवा पाऊस. ओली कातडी मऊ पडते आणि मऊ कातडीवर घासलं की फोड. मागच्या वर्षी मी महागडे वॉटरप्रूफ बूट घेतले होते, आणि वॉटरप्रूफची गंमत अशी आहे की वरनं एकदा पाणी आत गेलं की ते बाहेर पण जात नाही. दोन बादल्या पायात बांधून चालल्यासारखं. यंदा जाळीचे, हलके, खाली दात असलेले, एक नंबर मोठे घेतले, आणि सुती मोजे बंद, पातळ नायलॉनचे दोन जोड एकावर एक, म्हणजे घासायचं ते मोजा मोजाला घासतो. पण हे सगळं चालतंय की नाही ते बघणार कसं, मे महिन्यात पाऊस कुठला, एक वळीव पडला तेवढाच. मग मी पहाटे न्हाणीत बूट घालून उभा राहायचो आणि वरनं तांब्या तांब्यानं पाणी ओतायचो, मग चपक चपक करत १० किलोमीटर. बायको दारात उभी राहून म्हणाली, "बूट काढून पाय धुवायचे असतात, माहीत आहे नव्हं?" शेजारच्यांना तिनं काय सांगितलं असेल देव जाणे. पण त्या ओल्या ट्रायलमध्ये मला कळलं की माझ्या उजव्या करंगळीखाली नेहमी घासतं. मग तिथं आधीच पट्टी, बाकी तळव्याला व्हॅसलीन. फोड यायच्या आधी जी गरम चुणचुण होते ना, तिथंच थांबून पट्टी लावायची. "पुढच्या वस्तीत बघू" म्हटलं की गेलं.

जूनच्या शेवटी खरा पाऊस लागल्यावर बेळगावजवळच्या किणयेपासून जांबोटीकडं आणि परत असं दोन रविवार चाललो. डांबरी सोडून आत शिरायचं नाही हे ठरलेलं, एक तर जंगल आणि दुसरं म्हणजे जळवा, आणि जळू चिकटायला पाय रस्त्याखाली उतरवायची पण गरज नाही हे तिथं गेल्यावर समजलं. पावसात तहान लागत नाही, हा एक मोठा धोका. अंग ओलं, हवा गार, आणि आतनं घाम चालूच. मी दुपारपर्यंत अर्धी बाटली पण प्यालो नव्हतो आणि डोकं ठणकत होतं. आणि नुसतं पाणी पीत राहिलं तर तेही बरं नाही, मीठ जातं त्याचं काय. मग लिटरला एक ओआरएसचं पाकीट, आणि खायला कडक भाकरी, शेंगाचटणी, गूळ. कडक भाकरीसारखी चालायला दुसरी चीज नाही असं माझं मत आहे, हलकी, टिकाऊ, आणि चटणीत मीठ तिखट सगळं. एवढंच की प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, पिशवीत ठेवाल तर संध्याकाळी चुरा मिळेल.

शेवटचे दहा दिवस जवळजवळ काही केलं नाही. हे सगळ्यात अवघड गेलं, रोज वाटायचं आपण विसरून चाललोय चालायला.

तर यंदा. वडगावातनं आम्ही २० जण टेंपो ट्रॅव्हलरनं पहाटे निघालो, पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्याला नमस्कार करून पुसाटी बुरुजाकडनं खाली. पहिल्या उतारावरच लोक पळत सुटतात, घोषणा, उत्साह, मेव्हणा सगळ्यात पुढं. मी बांबूची काठी टेकत, लहान पावलं टाकत, मागनं म्हाताऱ्यासारखा. म्हाळुंगे, मग चढून मसाई पठार. पठारावर वारा असा की रेनकोट असून नसून सारखाच, पुढचा माणूस धुक्यात जातो आणि परत दिसतो. तासाला एकदा पाच मिनिटं थांबून मोजे पिळायचे, पायाकडं बघायचं. कुंभारवाडी, खोतवाडी करत संध्याकाळी करपेवाडीत पोचलो. पोचल्याबरोबर पहिल्यांदा पाय धुऊन, पुसून, पावडर लावून कोरडे मोजे, जे फक्त रात्रीसाठी वेगळे बांधून ठेवले होते. बुटात पेपरचे बोळे कोंबले. पायाला रात्रभर कोरडं राहू दिलं की कातडी परत धरते. माझा हा सगळा सोहळा बघून ग्रुपमधली पोरं म्हणत होती काकांची पूजा चाललीय.

सकाळी उठलो आणि उठण्याआधी अंथरुणातच अंगठा हलवून बघितला. मग उभा राहिलो. मग मुद्दाम पडवीच्या कडेला गेलो. घर दुसरं होतं, पायऱ्या तीन होत्या, मी तोंड पुढं करून उतरलो. दुखत होतं, पण उतरलो. परत चढून परत उतरलो. खरं तर माझा ह्या सगळ्या प्रकारातला सगळ्यात आनंदाचा क्षण हाच.

वळून बघतो तर मेव्हणा भिंतीला धरून उभा. उजवा गुडघा वाकवता येईना. कालच्या उतारांवर पळाला होता ते. क्रेप बँडेज बांधलं, माझी काठी दिली, शंभर पावलं चालून बघितलं. मग तोच म्हणाला, "दाजी, तुम्ही व्हा पुढं. मी जीपनं खिंडीकडं येतो."

मागच्या वर्षी तो माझ्यासाठी परत फिरला होता. मी तिथं उभा राहून जेवढा वेळ विचार केला तेवढा वेळ फार नव्हता, हे कबूल करतो. त्याला माझा भाकरीचा डबा दिला, काठी परत घेतली आणि निघालो. पहिला तासभर पायापेक्षा तेच टोचत होतं. मग आंबेवाडीच्या पुढं चिखल असा लागला की घोट्याच्या वर पाय रुतायचा, तिथं मेव्हणा बिव्हणा सगळं डोक्यातनं गेलं, पुढचं पाऊल कुठं एवढंच. जेवणानंतरचे दोन तास वाईट गेले, घोषणा बंद, सगळे खाली बघून चालत होते, कोणीतरी मागं नाक ओढत होतं, रडत होता की सर्दी माहीत नाही. पांढरेपाणी आल्यावर लोकांना पुन्हा आवाज फुटला. खिंडीत उतरताना गर्दी, लोखंडी जिना, खाली ओढ्याचं पाणी धो धो. मला वाटलं होतं खूप काहीतरी वाटेल. मी त्या काळ्या दगडाला हात लावून उभा राहिलो आणि मनात एवढंच आलं की इथं पोचल्यावर त्यांना लढायचं होतं.

वर रस्त्यावर आमची गाडी उभी होती. मेव्हणा पुढच्या सीटवर पाय लांब करून.

"काय दाजी, नख आहे की गेलं?"

"आहे. भाकरी आहे काय रे?"

"संपली." मग जरा वेळानं, हळूच, "दाजी, ताईला सांगू नका मी जीपनं आलो म्हणून."

मी म्हटलं छे छे, सांगतोय कशाला. गाडी मलकापूरला पोचायच्या आधीच मी तिला फोन लावला.