मॉरिसनच्या कोशात एक दुपार

चिनी शिकायला लागून दीड वर्ष झालं. आज सुट्टी होती, म्हणून मोबाइलचं अ‍ॅप बंद ठेवलं आणि रॉबर्ट मॉरिसनच्या जुन्या चिनी-इंग्रजी कोशाची स्कॅन प्रत उघडून बसले. चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावमध्ये १८१५ ते १८२३ या काळात छापलेला हा कोश. खर्च ईस्ट इंडिया कंपनीने केला. परक्याला चिनी शिकवायला तेव्हा तिथे बंदी होती, शिकवणारे जीव मुठीत धरून येत.

शोधायचा होता साधा शब्द, 'हाओ', म्हणजे चांगलं. त्याच्या चिनी अक्षरात डावीकडे 'बाई'चं चिन्ह, उजवीकडे 'मूल'चं. कोशात अक्षरं २१४ मूलचिन्हांखाली, म्हणजे अक्षरांच्या मूळ घटकांखाली, लावलेली; त्यांतलं 'बाई' आधी गाठायचं, मग उरलेल्या भागाच्या रेघा मोजायच्या. तीन. ही मांडणी १७१६च्या कांग्शी नावाच्या चिनी कोशाची, मॉरिसनने पहिल्या भागासाठी तीच घेतली. माझी पानं पुढे उलटली गेली आणि त्याच चिन्हाखाली धाकटी बहीण भेटली, बायको भेटली. अ‍ॅपमध्ये हे शेजारी कधी दिसले नव्हते! वीस मिनिटं गेली, पण हा शब्द आता जन्मात विसरणार नाही.

आणखी एक गोष्ट कळली, तेव्हापासून मन तिथेच अडकलंय. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात १८१४ साली जोशुआ मार्शमनचं चिनी व्याकरण छापलं गेलं. विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मोडी टाइपातला मराठी कोश १८१० मध्ये निघाला, तोही तिथूनच. माझ्या दोन्ही भाषांचे खिळे एका गावात जुळवले गेले होते. उद्या संध्याकाळी केरीचा कोश उघडणार आहे, पण आधी मोडी घोटायला हवी.