तुम्ही विचारलेत म्हणून: विलायतेला मी का गेलो नाही

"वीरजी विलायतेत, मग तुम्ही इथेच कसे?" वीरजी म्हणजे माझे थोरले भाऊ, आणि हा प्रश्न मला साठ वर्षे विचारला जात आहे आणि साठ वर्षे मी एकच उत्तर देत आलो आहे, की १ जुलै १९६२ पासून ब्रिटनचा नवा कायदा लागू झाला, तिकडे कामाला जाण्यासाठी व्हाउचर, म्हणजे सरकारी परवाना, लागू लागले आणि माझी वाट बंद झाली. कायदा खरा आहे, उत्तर मात्र अर्धेच आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये वीरजींनी वुल्व्हरहॅम्प्टनहून तिकिटाचे पैसे पाठवले होते आणि जून संपण्याआधी ये, असे लिहिले होते. ते पैसे मी बीजींच्या, म्हणजे आईच्या, पेटीत ठेवले आणि गेलो नाही. पत्रासोबत वीरजींचा फोटो होता, आणि त्यात त्यांचे, एका शिखाचे, केस कापलेले होते.

पगडीमुळे त्यांना एकामागून एक कारखान्यांनी परत पाठवले होते, हे पत्रात लिहिलेले होते. मी ते वाचले होते, तरी अठराव्या वर्षी मला त्यात फक्त सबब दिसली. रावळपिंडी सुटली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि नऊ वर्षांच्या वीरजींनी मला पाठीवर घेतले होते. सगळे तिकडे राहिले, केस तेवढे बरोबर आले, असे आमच्या घरात म्हणत, आणि तेही वीरजींनी सोडले, एवढेच मला कळत होते.

पाच मीटरची पगडी बांधण्याआधी तिची पूणी करावी लागते, म्हणजे दोघांनी दोन टोके धरून कापड ताणायचे आणि लांबीत घडीवर घडी घालत न्यायचे. शीव कोळीवाड्याच्या निर्वासित वसाहतीत आमच्या खोलीबाहेरच्या बोळात रोज सकाळी एक टोक वीरजींकडे आणि एक माझ्याकडे असे. ते गेल्यावर मी माझे टोक दाराच्या कडीला बांधू लागलो.

१९६६ च्या हिवाळ्यात ते आले. बीजींनी त्यांच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला आणि काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गुरुद्वाऱ्यात जायचे होते. वीरजींनी ट्रंकेतून आपली जुनी निळी मलमल काढली, पाणी शिंपडून ती ओलसर केली, बोळात येऊन एक टोक माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "जरा धर." त्यांच्या अंगठ्यावर भाजल्याचा पांढरा डाग होता, तो मला तेव्हाही दिसला होता. मी म्हणालो, "कडीला बांधून घ्या." ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी कापडाची घडी घातली, ते ट्रंकेत ठेवले आणि डोक्याला रुमाल बांधून ते आमच्याबरोबर आले. परत जाईपर्यंत त्यांनी ती मलमल पुन्हा काढली नाही.

मी धर्माभिमानाने राहिलो, असे कौतुक करणाऱ्यांना हे सांगायचे आहे. १९६९ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या बसवर पगडी घालून काम करण्याचा हक्क शिखांनी मिळवला, तेव्हा लढणाऱ्यांचा मला अभिमान वाटला. वीरजी त्यांच्या मोर्चात होते, बोडक्या डोक्याने, आणि हे त्यांनी मला कधी कळवले नाही. नोव्हेंबर १९८४ मध्ये दिल्लीत आमच्या एका मावसभावाने जीव वाचवण्यासाठी केस कापले, त्याला मी एका शब्दानेही दोष दिला नाही. मग पोटासाठी कापणाऱ्यालाच का दिला? कदाचित माझा राग केसांवर नव्हताच, मला मागे ठेवून ते गेले यावर होता, आणि त्याला मी धर्माचे नाव दिले. असे लिहितो खरे, पण तो फोटो आजही समोर आला की पोटात तेच तुटते, आणि ते दुःख खोटे होते असे मी म्हणणार नाही.

मागच्या महिन्यात फोनवर मी त्या सकाळचा विषय काढला. आपल्याला काही आठवत नाही, असे वीरजी म्हणाले आणि लगेच इथल्या पावसाची चौकशी करू लागले. माझ्या मुलाने तिकिटाची तारीख विचारली आहे. मी त्याला अजून तारीख सांगितलेली नाही.