जांभळ्या उजेडातली अंबाडी

घरात रोपं करायची असतील तर जांभळा दिवा आणू नका, हे आधी सांगून टाकते. बाकीच्या चुका मी रोपांवर केल्या, ही एक माझ्यावरच उलटली.

आम्ही वारज्यात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनी उत्तरेला. हिवाळ्यात तिथे ऊन येतच नाही, समोरच्या नव्या इमारतीच्या काचांवरून जे उडून येतं तेवढंच. माहेर परभणीकडचं, त्यामुळे अंबाडीच्या भाजीवाचून माझा जीव कासावीस होतो. पावसाळ्यात मंडईत जुड्या दिसतात, दिवाळी झाली की मला तरी मिळत नाहीत. यंदा मावशीने बियांची पुडी हातावर ठेवली आणि म्हणाली, "लाव की घरात. रोज काय रडतेस?"

कुंडीत तुळशीपलीकडे काही न जगवलेली मी. पण वाचायला लागल्यावर एक गोष्ट पक्की कळली. अंबाडी लहान दिवसांची. दिवस साधारण साडेबारा तासांच्या आत आला की ती पानांचा नाद सोडून फुलायच्या मागे लागते, आणि पुण्यात डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा. म्हणजे भाजीसाठी पानं हवी असतील तर दिवा लावून दिवस लांबवायला हवा. ऑनलाइन 'ग्रो लाइट' शोधला, लाल-निळ्या एलईडींचा स्वस्त पॅनेल मिळाला, बेडरूमच्या खिडकीशी टांगला. प्लगमध्ये टायमर, पहाटे पाच ते रात्री नऊ, सोळा तास.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भिजवणं, ट्रे भरणं हे काम एका संध्याकाळचं. बी रात्रभर पाण्यात ठेवलं होतं, चौथ्या दिवशी चोवीसपैकी बावीस उगवली. मी आनंदाने दिवसातून तीनदा पाणी घातलं आणि आठवड्यात अकरा रोपांनी मान टाकली. खोड मातीलगत सुतासारखं बारीक, तपकिरी, आणि वरची दोन पानं मात्र हिरवीगार. यालाच मर म्हणतात. थंडी आणि ओल एकत्र आली की बुरशीला रान मोकळं. उरलेली अकरा मोठ्या कुंड्यांत हलवली आणि ट्रेमध्ये दुसरी खेप पेरली. इथवर सगळं माझ्या कर्माने होतं, तक्रार नाही.

दुसरी खेप उगवली त्याच आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला. रात्रीची वेळ, आमची खिडकी, आत जांभळा धुंद उजेड. खाली लिहिलेलं: 'बी विंग, तिसरा मजला. कोणी चौकशी करेल का?' मग कोणीतरी घरात गांजा पिकवणाऱ्यांच्या बातमीचं कात्रण टाकलं. मी लिहिलं, "अंबाडी आहे, भाजीची." त्यावर दोन अंगठे आले आणि एक हसणारा चेहरा. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी काका दारात. माणूस वाईट नाही, पण बूट न काढता उंबऱ्यातूनच बोलतात. "ताई, तसं काही नसणारच. पण उद्या पोलीस आले तर सोसायटीचं नाव जातं." मी म्हटलं, आत येऊन बघा. "मी एकट्याने बघून काय उपयोग? कमिटीने बघायला हवं. तोवर तेवढा दिवा बंद ठेवा, आणि ऑफिसात एक अर्ज द्या."

अर्जाचा नमुना मागितला तर मिळाला 'सदनिकेतील अंतर्गत बदल' हा फॉर्म. आमच्या सोसायटीत दुसरा फॉर्मच नाही. कंत्राटदाराचं नाव, कामगारांची संख्या, पाडकाम आहे का, राडारोडा कुठे टाकणार. मी कंत्राटदारात स्वतःचं नाव लिहिलं, पाडकाम 'नाही', राडारोडा 'कोकोपीट, अर्धी बादली'. क्लार्कने तो गंभीर चेहऱ्याने वाचला आणि म्हणाला, "रोपाचं शास्त्रीय नाव जोडा, साहेबांनी सांगितलंय."

इथे मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. हिबिस्कस म्हणजे जास्वंदीचं गोत्र, भेंडी आणि कापूसही त्याच कुळातले. पण झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसला तिची पानं गांजाच्या पानांसारखी वाटली म्हणून पुढे 'कॅनाबिनस' चिकटलं. मी प्रामाणिकपणे सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. संध्याकाळी खजिनदारांचा फोन, "अहो मॅडम, नावातच आहे की!"

कमिटीची बैठक रविवारी. तो रविवार एका लग्नात गेला. मग बुधवारी ठरली, दोघे नव्हते, कोरम नाही. मग पुढचा रविवार. एकूण बारा दिवस दिवा बंद. रोज ऑफिसाच्या काचेवर टकटक करायची आणि "विचाराधीन आहे" ऐकून वर यायचं. अंबाडी विचाराधीन! मंत्रालयातली फाइल असल्यासारखी.

या बारा दिवसांत घरात काय झालं ते सांगते. ट्रेमधली नवी रोपं उजेड शोधत वाढत गेली. बोटभर, मग वीतभर, पांढुरकी, दोऱ्यासारखी, सगळी खिडकीकडे झुकलेली. रोज ट्रे फिरवून ठेवला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काचेकडे तोंड. नवव्या दिवशी आडवी झाली. एकही वाचलं नाही.

आणि कुंड्यांतल्या अकरांनी तर सूडच घेतला. अंबाडीचं पहिलं पान साधं, बदामाच्या आकाराचं असतं. फोटो टाकला तेव्हा सगळ्यांना तशीच पानं होती. कमिटीने त्याच दिवशी वर येऊन पाहिलं असतं तर विषय मिटला असता. पण त्यांनी वाट बघितली, आणि चार-पाच पानं झाल्यावर नवं पान आलं ते पाच बोटांचं, कडा करवतीसारख्या. मी सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी गेले आणि ते पान बघून अक्षरशः पडदा ओढला. स्वतःच्या भाजीपासून लपत होते मी.

शेवटी बैठक झाली. पाच माणसं आमच्या बेडरूममध्ये, कपाटाला पाठ लावून. त्यातले एक वकील. त्यांनी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम २० सांगितलं, लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड, घरात एक झाड असलं तरी. कायदा त्यांनी बरोबर सांगितला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. झाड चुकीचं होतं. मी दाखवत होते की बघा, गांजाच्या पानाची बोटं देठापर्यंत सुटी असतात, ही एकाच पानाची फाटलेली बोटं आहेत, खाली जोडलेली. गांजाला सुरुवातीची पानं समोरासमोर जोडीने येतात, इथे एकाआड एक. कोणी वाकून बघायला तयार नाही. अध्यक्ष दुरूनच मोबाइलमध्ये फोटो जुळवत होते.

तेवढ्यात वॉचमन काका पाण्याच्या टँकरची पावती घेऊन सहीसाठी वर आले. जिंतूरकडचे. त्यांनी कुंडीकडे पाहिलं, एक पान खुडलं आणि सरळ तोंडात टाकलं. "अंबाडी हाय की. आंबट." मग माझ्याकडे वळून, "याचा वाख काढून आम्ही दोर वळायचो मॅडम." सेक्रेटरी काका म्हणाले, "तुम्हाला खात्री आहे?" त्यावर वॉचमन काका शांतपणे, "साहेब, फोटू आला त्याच रात्री तुम्हाला सांगितलं हुतं ना."

खोलीत कोणी बोललं नाही. वकिलांनीही एक पान चावलं, तोंड वाकडं केलं. पाच मिनिटांत सगळे खाली गेले. बारा दिवस, एक ट्रे रोपं, आणि उत्तर पहिल्याच रात्री गेटवर बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत जाऊन वीस वॅटच्या दोन साध्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या आणल्या, कूल डेलाइटवाल्या. रोपांच्या शेंड्यापासून वीतभर उंचीवर टांगल्या. पांढऱ्या उजेडात लाल-निळं असतंच, रोपांचं भागतं. हे मला त्या बारा दिवसांत का सुचलं नाही याचा राग अजून जात नाही. बंद करायचा होता तो जांभळा दिवा, उजेड नव्हे. चाळीस वॅट सोळा तास म्हणजे महिन्याला एकोणीस-वीस युनिट, हा हिशोबही घरात विचारला जाईल म्हणून आधीच सांगून ठेवते.

तिसरी खेप नीट आली. यावेळी कोकोपीट दोन-तीनदा धुऊन घेतलं, त्यात क्षार असतात. मुठीत दाबलं की दोन-चार थेंब पडतील इतकीच ओल. पाणी वरून नाही, ट्रेखालच्या ताटलीत, आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं. छोटा पंखा दिवसभर मंद लावला, हलती हवा लागली की खोड जाड होतं. कोकोपीटमध्ये खायला काही नसतं, म्हणून बीतून निघालेल्या पहिल्या दोन दलांनंतर खरी पानं आल्यावर एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

भाजी आतापर्यंत दोनदा झाली. तूरडाळ, ज्वारीच्या कण्या, वरून लसूण आणि सुकी मिरची. पहिला डबा गेटवर गेला. सेक्रेटरी काकांना दिला नाही, खरं तेच सांगते.

हो, खुडताना देठाला सांभाळा. अंबाडीला बारीक काटे असतात, कोवळेपणी दिसत नाहीत, नंतर बोटात रात्रभर सलतात. आणि माझा फॉर्म अजून ऑफिसात आहे. परवा विचारलं तर क्लार्क म्हणाला, काम पूर्ण झाल्याचा दाखला जोडल्याशिवाय तो बंद करता येत नाही.